युद्धनौकेचा सुटा भाग बनवायला घेताना: वडोदऱ्यातल्या छोट्या कारखान्यांसाठी कामाचा क्रम

मकरपुरा, पोर, वाघोडिया, मंजुसर इथल्या ओळखीच्या कारखान्यांतून एकच तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. नौदलाच्या विनाशिकेसाठी (डिस्ट्रॉयर जातीच्या युद्धनौकेसाठी) भाग बनवला, मापाला बरोबर होता, तरी परत आला. मी अशा परत आलेल्या मालाची कागदपत्रं पाहायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की चूक लेथवर झालेलीच नसते. लेथ सुरू होण्याच्या महिनाभर आधी ती होऊन गेलेली असते. नमुना हातात आला, वर्नियर लावला, जवळपासचा धातू उचलला आणि कामाला सुरुवात केली, एवढंच घडलेलं असतं.

साध्या पंपाच्या सुट्या भागाला हे चालून जातं. विनाशिकेवर चालत नाही. तिथे भाग चोवीस तास खाऱ्या पाण्यात असतो, जवळ स्फोट झाला तर त्याचा धक्का सोसायचा असतो, आणि भर समुद्रात तो फुटला तर दुसरा आणायला बाजार नसतो.

खाली दिलेला क्रम व्हॉल्व्ह, पंपाचे इंपेलर, बुश (शाफ्टभोवतीची बाही), फ्लँज, गाळण्या, पाइपाचे जोड, गॅस्केट अशा कामांपुरता आहे. गॅस टर्बाइनची पाती आणि शस्त्रांचे भाग यांत छोट्या कारखान्याने पडू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

१. भाग कुठल्या जहाजाचा आणि कुठल्या यंत्राचा, हे आधी ठरवा

चौकशीत नुसतं "विनाशिकेचा व्हॉल्व्ह" असं लिहिलेलं असेल तर ती ओळख अपुरी आहे. आपल्या नौदलातल्या चार वर्गांच्या विनाशिकांशी तुमचा संबंध येऊ शकतो.

राजपूत वर्गाची पाचही जहाजं सोव्हिएत युक्रेनमधल्या मायकोलाइव्हला बांधली गेली. त्यांतली 'राजपूत' मे १९८० मध्ये दाखल झाली आणि २१ मे २०२१ ला निवृत्त झाली. 'रणजित' त्याआधी, ६ मे २०१९ ला गेली. पुढचे तिन्ही वर्ग मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेले. दिल्ली वर्गात दिल्ली १९९७ ची, मैसूर १९९९ ची आणि मुंबई २००१ ची. कोलकाता वर्गात कोलकाता २०१४, कोची २०१५, चेन्नई २०१६. विशाखापट्टणम वर्गात विशाखापट्टणम २०२१, मुरगाव २०२२, इंफाळ २०२३ आणि जानेवारी २०२५ मध्ये दाखल झालेली सुरत.

या यादीचा उपयोग एवढाच की ड्रॉइंग कुठल्या मानकांच्या भाषेत असेल याचा अंदाज बांधता येतो. राजपूत वर्गाचा भाग म्हणजे सोव्हिएत गोस्ट मानकं. दिल्ली वर्गाचा सांगाडा आपला, पण त्यातली बरीच यंत्रसामग्री सोव्हिएत-रशियन घराण्यातली, म्हणून तिथेही गोस्ट भेटतंच. पुढच्या दोन वर्गांत भारतीय, रशियन, युक्रेनियन आणि पश्चिमी यंत्रं शेजारी शेजारी बसलेली आहेत. तिथे जहाजाच्या नावावरून काहीच गृहीत धरू नका, यंत्राची पाटी पाहा.

शिवाय एका वर्गातली भावंडंही सारखी नसतात. राजपूत वर्गातल्या शेवटच्या दोन, रणवीर आणि रणविजय, पहिल्या तिघींपेक्षा बदललेल्या आराखड्याच्या आहेत. मोठ्या दुरुस्तीत एका जहाजावरचा पंप बदलला जातो, दुसऱ्यावर जुनाच राहतो. म्हणून जहाज, यंत्र, यंत्राचं मॉडेल, भाग क्रमांक आणि ड्रॉइंग क्रमांक सुधारणेसकट, या पाच गोष्टी लेखी मागा.

त्यासोबत तेरा अंकी साठा क्रमांकही मागा. त्याचे पहिले चार अंक वस्तूचा गट सांगतात, पुढचे दोन अंक क्रमांक देणाऱ्या देशाचे. भारताचे ७२. गट ४८२० म्हणजे हाताने चालणारे व्हॉल्व्ह, ४८१० म्हणजे शक्तीवर चालणारे, ४३२० म्हणजे पंप, ५३३० म्हणजे गॅस्केट आणि पॅकिंग, ५३३१ म्हणजे ओ-रिंग. चौकशीत "व्हॉल्व्ह" लिहिलंय आणि क्रमांक ५३३० ने सुरू होतोय, तर त्यांना सबंध व्हॉल्व्ह नको आहे, त्याचं सील हवं आहे. दर देण्याआधी विचारून घ्या.

तपासा: पाचपैकी एक जरी गोष्ट कोरी असेल तर पुढे जाऊ नका. पत्र पाठवा, उत्तर येऊ द्या.

सावधान: मिळालेलं ड्रॉइंग किंवा नमुन्याचा फोटो कारखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. फाउंड्रीला पॅटर्नपुरतं (ओतकामाच्या साच्याच्या लाकडी प्रतिकृतीपुरतं) ड्रॉइंग द्या, जहाजाचं नाव झाकून. काम झालं म्हणून जाहिरातीत जहाजाचं नाव छापू नका. गुप्ततेच्या अटी ऑर्डरबरोबरच येतात आणि त्या मोडल्या तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं.

२. नमुना मोजा, पण त्यावर विश्वास ठेवू नका

नमुना म्हणून मिळतो तो बहुधा जहाजातून काढलेला, झिजलेला भाग. झिजला म्हणूनच तो बदलायचा आहे. ही साधी गोष्ट विसरल्याने मी स्वतः चोवीस बुश भंगारात घातले आहेत. नमुन्याचं आतलं माप ५०.३ मिलिमीटर भरलं, मी ५०.३ ठेवलं. ड्रॉइंग नंतर हाती आलं, त्यात माप ५० होतं. वरचे तीन दशांश शाफ्टने घासून खाल्लेले होते.

नमुना मोजताना न झिजलेली जागा शोधा. बुशमध्ये शाफ्ट जिथपर्यंत पोचत नाही ती कड, फ्लँजच्या गॅस्केटखालचा पट्टा, चावीच्या खाचेचा तळ. एकाच जागी चार दिशांनी मोजा. लंबगोल निघाला तर तो झिजेचा पुरावा. शक्य असेल तर वेगवेगळ्या जहाजांतून काढलेले दोन-तीन नमुने मागा, त्यांतला सर्वात कमी झिजलेला कुठे बोट दाखवतो ते पाहा.

मग आटे. आट्यांची चूक सर्वात महागात पडते, कारण ती जोडणी करतानाच कळते. सोव्हिएत ड्रॉइंगवरचे पाइपाचे आटे आपल्या ओळखीच्या ब्रिटिश समांतर आट्यांशी जुळतात. अमेरिकन निमुळते आटे वेगळे. अर्धा आणि पाऊण इंचाला दोन्ही पद्धतींत इंचात १४ आटे असतात, त्यामुळे नुसता पिच गेज लावणारा हमखास फसतो. ब्रिटिश आट्याचा कोन ५५ अंश, अमेरिकनचा ६० अंश. पहिले एक-दोन फेरे बसतात आणि मग अडकतं. कोनाचा गेज लावल्याशिवाय टॅप उचलू नका.

फ्लँजचंही तेच. ५० मिलिमीटर बोअर आणि १६ दाबाच्या (चौरस सेंटिमीटरला १६ किलोग्रॅम) गोस्ट फ्लँजला बोल्टवर्तुळ १२५ मिलिमीटरचं, १८ च्या चार भोकांचं. आपल्याकडे रसायन कारखान्यांसाठी रोज बनतो त्या अमेरिकन पद्धतीच्या दोन इंची, १५० वर्गाच्या फ्लँजला वर्तुळ १२०.७ चं, भोकं १९ ची. दोन्हींना चारच भोकं, डोळ्याला दोन्ही सारखेच. वडोदऱ्यात दुसऱ्याचे जिग (भोकं पाडायचे साचे) तयार पडलेले असतात आणि कारागीर सवयीने तेच लावतो.

तपासा: मोजलेल्या प्रत्येक मापासमोर "झिजलेलं", "न झिजलेलं" किंवा "शंका" असं लिहा. शंकेची मापं ग्राहकाकडून लेखी पक्की करून घ्या.

३. जुनं रशियन ड्रॉइंग वाचताना

या टप्प्यावर थोडं थांबतो, कारण इथे हुशार माणसंही चुकतात.

रशियन लिपीतली काही अक्षरं इंग्रजी अक्षरांसारखी दिसतात आणि उच्चार वेगळा असतो. रशियन 'न' इंग्रजी एचसारखा दिसतो, 'स' सीसारखा, 'र' पीसारखा, 'उ' वायसारखा, 'ख' एक्ससारखा. फ्लँजशेजारी पी आणि वाय लिहिल्यासारखं वाटलं तर ते 'रु' आहे, म्हणजे नामांकित दाब, चौरस सेंटिमीटरला किलोग्रॅममध्ये. त्याच्याजवळचं 'दु' म्हणजे नामांकित बोअर.

धातूची नावं अशीच उलगडायची. पोलादाच्या नावात 'ख' म्हणजे क्रोमियम, 'न' निकेल, 'त' टायटॅनियम. "१२-ख-१८-न-१०-त" म्हणजे जास्तीत जास्त ०.१२ टक्का कार्बन, १८ च्या आसपास क्रोमियम, १० च्या आसपास निकेल आणि थोडं टायटॅनियम. आपल्याकडचं जवळचं नाव स्टेनलेस ३२१. "स्टेनलेसच आहे ना" म्हणून ३०४ दिलं तर टायटॅनियम गेलं, आणि वेल्डिंगच्या कडेला गंज धरण्याची शक्यता वाढली.

पितळ आणि ब्राँझमध्ये अक्षरांचे अर्थ बदलतात. पोलादाच्या नावातला 'स' सिलिकॉन असतो, ब्राँझच्या नावातला 'स' शिसं. मँगनीजला पोलादात 'ग', ब्राँझमध्ये 'म्त्स'. नाव 'ब्र' ने सुरू झालं तर ब्राँझ, आणि पुढचे आकडे तांब्यात मिसळलेल्या धातूंचे टक्के, अक्षरांच्या क्रमाने. "ब्र-ओ-त्स-स ५-५-५" म्हणजे कथील ५, जस्त ५, शिसं ५, बाकी तांबं. हा आपला ओळखीचा गनमेटल, आयएस ३१८ या भारतीय मानकाचा दुसरा ग्रेड. "ब्र-अ-झ-न-म्त्स ९-४-४-१" म्हणजे अॅल्युमिनियम ९, लोखंड ४, निकेल ४, मँगनीज १, म्हणजे निकेल अॅल्युमिनियम ब्राँझ. नाव 'ल' ने सुरू झालं तर पितळ, आणि तिथे पहिला आकडा थेट तांब्याचा. "ल-स ५९-१" मध्ये तांबं ५९ आणि शिसं १.

घासकामाच्या खुणाही सांभाळा. आपल्या जुन्या ड्रॉइंगवर त्रिकोणांची संख्या पाहतात, तीन त्रिकोण म्हणजे गुळगुळीत. सोव्हिएत ड्रॉइंगवर त्रिकोण एकच आणि शेजारी आकडा. त्रिकोण ५ म्हणजे खडबडीतपणाचं माप, आरए, सुमारे ५ मायक्रॉन, ६ म्हणजे २.५, ७ म्हणजे १.२५. एकच त्रिकोण दिसला म्हणून खडबडीत सोडलेले सीलचे पृष्ठभाग मी पाहिले आहेत.

आणखी एक. जुन्या पद्धतीत भोकाच्या मापाशेजारी नुसतं 'अ' असेल तर तो आजच्या एच ७ या बारीक दर्जाच्या जवळचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी सूट. त्याला ३ चा आकडा जोडलेला असेल तर टॉलरन्स बराच ढिला. फोटोकॉपीत तो बारीक ३ पुसला जातो, म्हणून मूळ प्रत पाहायला मागा.

तपासा: उलगडलेलं प्रत्येक नाव स्वच्छ तक्त्यात मांडा. रशियन नाव, तुमचा अर्थ, तुम्ही देणार तो भारतीय किंवा आंतरराष्ट्रीय ग्रेड. या तक्त्याला ग्राहकाची लेखी मान्यता घ्या. धातू "जवळचा" आहे, हे ठरवण्याचा हक्क आपला नाही.

४. धातू निवडताना काय टाळायचं

ओतीव लोखंड घरच्या पंपाला उत्तम, पण पाण्याखालच्या स्फोटाच्या धक्क्याने ते तडकतं. ड्रॉइंगमध्ये नसताना ते कधीच सुचवू नका. साधं पितळ समुद्राच्या पाण्यात जस्त गमावतं, वरून आकार तसाच राहतो आणि आतून तांब्याचा स्पंज उरतो. ३१६ स्टेनलेसला सगळे रामबाण समजतात, पण साचलेल्या समुद्री पाण्यात, गॅस्केटखाली किंवा फटीत, त्यालाही खड्डे पडतात. स्टेनलेसच्या स्पिंडलभोवती ग्रॅफाइटचं पॅकिंग दिलं तर समुद्री पाण्यात त्या दोघांचा विद्युतघट तयार होतो आणि स्पिंडल खाल्ला जातो.

निकेल अॅल्युमिनियम ब्राँझचा अमेरिकन ग्रेड सी ९५८०० असा. त्यात अॅल्युमिनियम ८.५ ते ९.५, निकेल ४ ते ५, लोखंड ३.५ ते ४.५, मँगनीज ०.८ ते १.५ टक्के आणि तांबं किमान ७९. लोखंड निकेलपेक्षा जास्त होता कामा नये. लोक निकेल महाग म्हणून खालच्या टोकाला ठेवतात, लोखंड वर जातं आणि माल इथेच नापास होतो. सिलिकॉन ०.१० आणि शिसं ०.०३ च्या वर चालत नाही.

सावधान: धातू तपासायला हातातली एक्स-रे बंदूक आणतात. अॅल्युमिनियमसारखी हलकी मूलद्रव्यं ती नीट मोजत नाही. ब्राँझसाठी स्पेक्ट्रोमीटरवर नमुना जाळून घेतलेला अहवालच लावा.

५. रबर आणि गॅस्केट

ओ-रिंग स्वस्त, म्हणून शेवटी आठवते. तिच्यामुळेच अख्खा व्हॉल्व्ह परत येतो. गोस्टच्या ओ-रिंगची जाडी ३.०, ३.६, ४.६, ५.८ अशा पायऱ्यांनी जाते. बाजारात सहज मिळणाऱ्या अमेरिकन मापांत २.६२, ३.५३, ५.३३, ६.९९. ३.६ च्या जागी ३.५३ बसल्यासारखी वाटते. ५.८ च्या जागी ५.३३ तर बोटाला कळतही नाही. पण समजा खाच ४.९ खोल आहे. ५.८ ची रिंग तिथे सुमारे साडेपंधरा टक्के दबते, ५.३३ ची जेमतेम आठ. दाब आला की दुसरी गळते. खाच जुनी असेल तर रिंगही जुन्याच मापाची साच्यात करून घ्या.

जुन्या ड्रॉइंगवर गॅस्केटचं नाव 'पारोनाइट' दिसेल. ही अॅस्बेस्टॉस मिसळलेली दाबलेली शीट. तिच्या जागी बिनअॅस्बेस्टॉसची द्यायची तर मान्यता घ्या, कारण दाबल्यावर ती वेगळी बसते आणि बोल्टचा पीळ बदलावा लागतो.

सावधान: नमुन्याला चिकटलेलं जुनं गॅस्केट कोरडं खरवडू नका, ग्राइंडर तर लावूच नका. ओलं करा, हाताने काढा, तोंडावर चांगला मास्क घ्या, कचरा बंद पिशवीत भरा. ती धूळ फुप्फुसात जन्मभर राहते. हे काम शिकाऊ पोराला देऊन निघून जाऊ नका.

६. दर देण्याआधी

नौदलाच्या बऱ्याच खरेद्यांची मागणी जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, येते. आयात होणारे कुठले भाग देशात बनवून हवे आहेत, हे संरक्षण मंत्रालयाच्या सृजन पोर्टलवर २०२० पासून दिसतं. उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंद) आधी करून ठेवा. लहान उद्योगाला बयाणा रकमेतून सूट मिळते, आणि सर्वात कमी दर दुसऱ्याचा असला तरी तुमचा दर त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असेल तर त्याच्या दरावर उतरून ऑर्डरचा काही भाग मिळण्याची तरतूद आहे. निविदेच्या शेवटी जोडलेल्या जादा अटी पूर्ण वाचा. खरा घोळ तिथे असतो.

बहुतेकांचा दर इथेच बुडतो: ते धातू आणि यंत्राचे तास मोजतात आणि चाचण्या विसरतात. चार नग बनवायचे तर पाच किंवा सहा ओता. टेस्ट बार (ताकद तपासायची ओतीव कांडी), रासायनिक अहवाल, रेडिओग्राफी (क्ष-किरण तपासणी), दाब चाचणी, पॅटर्न, तपासनीस येईपर्यंत थांबलेली मशीन, पॅकिंगची पेटी, सगळं लिहून काढा. चार नगांच्या कामात चाचण्यांचा खर्च धातूच्या वर जाऊ शकतो. उशिराचा दंड आठवड्याच्या हिशोबाने लागतो, म्हणून पावसाळ्यात फाउंड्री किती दिवस बंद असते तेही मुदतीत धरा.

७. गुणवत्ता आराखडा, धातूला हात लावण्याआधी

ऑर्डर आली की पहिलं काम गुणवत्ता आराखडा लिहून मान्य करून घेण्याचं. प्रत्येक टप्प्यासमोर लिहायचं की कोण करणार, कोण साक्षीला उभं राहणार, कोण फक्त कागद पाहणार. ज्या टप्प्यावर तपासनीसाने पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही, तो थांब्याचा टप्पा. तो लाल शाईने रंगवून शॉपवर लावा.

धातूचं प्रमाणपत्र कुठल्या दर्जाचं हवं तेही इथेच ठरतं. ईएन १०२०४ या युरोपीय मानकातलं ३.१ प्रमाणपत्र उत्पादकाचा, उत्पादन विभागाबाहेरचा, तपासनीस देतो. ३.२ वर ग्राहकाच्या किंवा बाहेरच्या तपासनीसाचीही सही लागते. ३.२ मागितलं आहे आणि ओतकाम साक्षीदाराशिवाय उरकलंय, तर ते प्रमाणपत्र नंतर कुठूनही आणता येत नाही. माल पुन्हा ओतावा लागतो.

८. ओतकाम

फाउंड्रीवाल्या काकांना "ब्राँझच आहे" म्हणून सोडू नका. निकेल अॅल्युमिनियम ब्राँझ गनमेटलपेक्षा जास्त आकसतं. पॅटर्नला गनमेटलसाठी साधारण दीड टक्का वाढ देतात, याला सुमारे दोन. जुन्या गनमेटलच्या पॅटर्नवर ३०० मिलिमीटरचा भाग ओतला तर तो दीड मिलिमीटर कमी भरतो आणि यंत्रकामाला धातूच उरत नाही.

मूस वेगळी लागते. आदल्या हीटचा, म्हणजे आधी वितळवलेल्या घाण्याचा, गनमेटल तळाशी राहिला तर शिसं चढतं, आणि ०.०३ ची मर्यादा ओलांडायला थोडासा थर पुरतो. भंगार घालायचं तर याच ग्रेडचं, तपासलेलं. रस वरून धबधब्यासारखा सोडू नका. अॅल्युमिनियमची साय तयार होते आणि ती घडीसारखी धातूत अडकते. रस खालून, शांतपणे चढू द्या. जाड जागांवर रायझर (आकसताना जादा रस पुरवणारे खांब) मोठे ठेवा.

टेस्ट बार त्याच हीटचा, त्याच दिवशीचा. ताणबळ किमान ५८५ मेगापास्कल, यील्ड (कायमचा ताण सुरू होण्याचं बळ) २४०, लांबण १५ टक्के, हे या ग्रेडचे किमान आकडे. मागणीत उष्णता प्रक्रिया असेल तर साधारण ६७५ अंशांवर सहा तास आणि मग थंड होणं, तेही मानकात लिहिल्याप्रमाणे. समुद्री पाण्यात धातूचा एक घटक निवडून खाल्ला जातो, ते याने आवरतं. भट्टीचा आलेख जपून ठेवा. आलेख नसेल तर प्रक्रिया झालीच नाही असं धरलं जातं.

तपासा: हीट नंबर प्रत्येक ओतीवावर उठलेला आहे का? यंत्रकामात ती जागा कापली जाणार असेल तर कापण्याआधी साक्षीने नंबर दुसरीकडे उतरवा.

९. यंत्रकाम आणि दाब चाचणी

यंत्रकाम तुम्हाला शिकवायची गरज नाही. एवढंच पाहा की रेडिओग्राफी किंवा ओतीवाची तपासणी थांब्याच्या टप्प्यावर असेल तर तिच्याआधी टूल लावू नका.

व्हॉल्व्हच्या बॉडीची पाण्याने चाचणी बहुधा कामाच्या दाबाच्या दीडपट, सीटची (झडप जिथे टेकते त्या जागेची) १.१ पट. दाब १६ असेल तर बॉडी २४ वर धरायची. दाब किती वेळ धरायचा ते ऑर्डरमध्ये वाचा. प्रेशर गेजचं कॅलिब्रेशन चालू आहे का ते आदल्या आठवड्यात पाहा, तपासनीस दारात उभा असताना नव्हे. स्टेनलेसच्या भागात बोअरवेलचं खारट पाणी भरू नका. कमी क्लोराइडचं पाणी घ्या आणि नंतर भाग पूर्ण वाळवा.

सावधान: ओतीवाची चाचणी उंच दाबाच्या हवेने कधीही करू नका. पाण्याच्या दाबाने फुटलं तर पाणी उडतं, हवेच्या दाबाने फुटलं तर तुकडा गोळीसारखा सुटतो.

सावधान: घाम फुटल्यासारखी गळती दिसली की कारागीर गोल तोंडाच्या हातोडीने ठोकतो किंवा रेझिन भरतो. मान्यतेशिवाय हे करू नका. दबलेली गळती समुद्रात पुन्हा उघडते, तेव्हा त्या पंपापाशी कुणीतरी उभा असतो.

१०. तपासणी, खूण, पॅकिंग

तपासनीसाला बोलावण्याआधी स्वतः पूर्ण तपासणी करून अहवाल टेबलावर ठेवा. फाइल ड्रॉइंगच्या क्रमाने लावा: मान्य ड्रॉइंग, मान्य धातू तक्ता, प्रमाणपत्रं, भट्टीचा आलेख, मापांचा अहवाल, दाब चाचणी. तपासनीसाला पान शोधावं लागलं की त्याची शंका वाढते, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

खूण सीलच्या किंवा घासकामाच्या पृष्ठभागावर ठोकू नका. टॅगवर साठा क्रमांक, ड्रॉइंग आणि त्याची सुधारणा, हीट नंबर, अनुक्रमांक, ऑर्डर क्रमांक लिहा. रबरावर भट्टीतून निघाल्याची तारीख लागते. जुलै-ऑगस्टमध्ये लोखंडी भाग साध्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला तर पेटी उघडेपर्यंत तो गंजलेला असतो. गंजरोधक कागद वापरा, भोकांना टोप्या लावा, आणि ओ-रिंगवर ग्रीस फासून ठेवू नका.

माल पोचल्यावर स्वीकृतीचा कागद मिळेपर्यंत पाठपुरावा करा. बिलाचे दिवस तिथून धरले जातात. २००६ च्या लघुउद्योग कायद्याने स्वीकृतीनंतर ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण स्वीकृतीचा कागद हातात नसेल तर दिवस कधीपासून मोजायचे यावरून वाद होतो.

११. माल गेल्यावर

पॅटर्नवर ड्रॉइंग क्रमांक आणि आकसण्याची टक्केवारी रंगाने लिहा आणि तो जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा मोजा, लाकूड फुगतं. उरलेला टेस्ट बार, बाजूला ठेवलेला नमुना आणि फाइलची दुसरी प्रत एकाच पेटीत बांधा. त्याच भागाची पुढची मागणी तीन वर्षांनी येऊ शकते, तोवर कारागीर बदललेला असतो. पेटीच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवा: या कामात कुठलं माप शंकेचं होतं, ते कुणी आणि कुठल्या पत्राने पक्कं केलं.